उलट, सुलट आणि वावभर गळपट्टा

दिवाळी झाली की गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीच्या आसपासच्या गावांत नाटकाचे मंडप उभे राहतात. या भागाला झाडीपट्टी म्हणतात आणि इथलं नाटक रात्रभर चालतं. कापलेल्या धानाच्या बांध्यांवरून येणारा गार वारा अंगाला झोंबत असतो आणि मंडपातल्या माणसांनी कान-गळा मफलरने आवळून घेतलेला असतो. मुली उन्हाळ्यात स्कूटीवर बसताना चेहऱ्याला जे सुती कापड बांधतात, ते मात्र स्कार्फ. विदर्भाने या दोन पाहुण्या शब्दांची अशी वाटणी केली आहे: स्कार्फ उन्हाचा, मफलर थंडीचा.

दोन्ही शब्द इंग्रजीतून आले. मफलरच्या मुळाशी गुंडाळून झाकण्याची क्रिया आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या बायका नाकापासून गळ्यापर्यंतचा भाग ज्या कापडाने झाकत, ते मफलर. म्हणजे आज चंद्रपूरच्या उन्हात जे काम स्कार्फ करतो, ते तिथे एके काळी मफलर करत असे. स्कार्फचं मूळ जुन्या फ्रेंच भाषेत आहे. तिथे तो यात्रेकरूच्या गळ्यात लटकणाऱ्या झोळीचा शब्द होता. पुढे तो खांद्यावरून तिरप्या घेतलेल्या पट्ट्याचा झाला आणि मग गळ्याभोवतीच्या कापडाचा. आपला शब्द गळपट्टा. गळ्याचा पट्टा, इतका सरळ. तो आता बोलण्यात फारसा येत नाही, पण अर्थ विचारावा लागत नाही असा हा शब्द पुन्हा वापरात यावा, असं मला मनापासून वाटतं.

हा गळपट्टा विणायचा असतो. या भागाच्या झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि शब्दाच्या सुरुवातीच्या ‘वि’चा ‘इ’. विहिरीची इहीर होते, तसं विणणं इथे ‘इननं’ होतं. खाट इनाची, टोपली इनाची, जाळं इनाचं. विणकर मागावर कापड विणतो, बुरूड बांबूच्या कामट्यांचं सूप विणतो, वैनगंगेवरचा ढिवर जाळं विणतो, सुगरण घरटं विणते आणि लोकरीचा मफलरही विणलाच जातो. इतक्या वेगवेगळ्या कामांना मराठीने एकच क्रियापद ठेवलं आहे.

सगळ्या भाषा असं करत नाहीत. याच गडचिरोली जिल्ह्यात दक्षिणेला सिरोंच्याकडे गेलं की तेलुगू कानावर पडते. तेलुगूत मागावरचं विणणं म्हणजे ‘नेत’, आणि बुट्टी, जाळं, लोकर यांचं विणणं म्हणजे ‘अल्लिक’. लोकरीपुरता हा भेद नेमका आहे. मागावर ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे असे दोन वेगळे धागे लागतात. सुयांवरच्या कामात धागा एकच असतो. तो स्वतःच्याच फासातून स्वतःला ओढून घेत पुढे जातो.

विणणे या क्रियापदाचं कूळ संस्कृतातल्या ‘वे’ धातूपर्यंत जातं. वयति म्हणजे विणतो, पालीत विनाति. याच धातूचं ‘उत’ हे रूप आपल्या रोजच्या एका शब्दात दडलेलं आहे: ओतप्रोत. ओत म्हणजे एका दिशेने विणलेलं, प्रोत म्हणजे दुसऱ्या दिशेने. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते की हे सगळं पाण्यावर ओतप्रोत आहे, तर पाणी कशावर ओतप्रोत आहे? विश्वाचा आधार शोधणारा तिचा प्रश्न मागाच्या भाषेत आहे. आपण मात्र ‘प्रेमाने ओतप्रोत’ म्हणताना काठोकाठ ओतलेलं भांडं डोळ्यांपुढे आणतो. मुळात तिथे ओतणं नाही, विणणं आहे.

‘वीण’ या नामाची गंमत निराळी. पक्ष्यांचा विणीचा हंगाम म्हणतो तेव्हा ती वीण जन्माची असते. गाय व्याली, यातल्या क्रियापदाची ती बहीण. लोकरीची वीण तिच्याशी नात्याने जोडलेली नाही. उच्चार झिजत झिजत दोन्ही एकाच रूपाला येऊन पोचल्या. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावं आहेत. त्यांच्या भाषेत असाच योग दुसरीकडे जुळला आहे. ‘बोना’ म्हणजे विणणं आणि ‘बोना’ म्हणजेच पेरणं. विणकामाच्या सुईला ते ‘काँटा’ म्हणतात, म्हणजे आपला काटाच.

आता प्रत्यक्ष सुया हाती घेऊ. नव्याने शिकणाऱ्याने गळपट्ट्यापासूनच सुरुवात करावी, कारण त्याला बाही नाही, गळा नाही, मापाची कटकट नाही. आधी लोकरीच्या लडीचा गुंडा करायचा. हिंदीतला गुंडा वेगळा, मराठीतला हा गोल आणि निरुपद्रवी. मग आठ नंबरच्या सुईवर, म्हणजे चार मिलिमीटर जाडीच्या, साधारण छत्तीस टाके घालायचे. मध्यम जाडीच्या लोकरीचा वीतभर रुंद पट्टा होतो. टाका हा शब्द शिवणातही आहे आणि दवाखान्यातही. तिन्ही ठिकाणी त्याचं काम एकच: सुटू पाहणारं धरून ठेवणं.

टाके दोनच, सुलट आणि उलट. ‘उलट’ हा जुना, प्राकृतातून आलेला शब्द. ‘सुलट’ त्याच्याच साच्यातून, ‘सु’ लावून घडवलेला. म्हणजे भाषेत आधी उलट आलं आणि मग त्याला जोडीदार मिळाला. बोलताना आपण हे दोन शब्द गोंधळासाठी जोडतो: उलटसुलट बातम्या, उलटसुलट प्रश्न. विणताना मात्र त्यांच्यात कमालीची शिस्त असते. सगळ्या ओळी सुलट विणल्या तर पट्टा दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो आणि सपाट राहतो. पहिला मफलर असाच करावा. एक ओळ सुलट आणि एक उलट विणली तर पुढची बाजू गुळगुळीत येते, पण कडा वळतात. पट्ट्यासाठी ती वीण बरी नाही. दोन सुलट, दोन उलट करत सुलटावर सुलट आणि उलटावर उलट ठेवलं तर ताणली जाणारी, कानाला घट्ट बसणारी वीण मिळते. एक सुलट, एक उलट करून पुढच्या ओळीत ते अदलून विणलं तर बारीक दाणे उमटतात. ती साबुदाण्याची वीण.

हे विणताना एक गोष्ट बोटांना कळते. सुलट आणि उलट हे दोन टाके नाहीतच. पट्टा फिरवून पाहिला की या बाजूचा सुलट त्या बाजूला उलट दिसतो. टाका तोच असतो, बदललेली असते ती आपली बाजू. शब्दकोशात विरुद्धार्थी म्हणून लिहिलेले हे शब्द लोकरीत एकाच फासाची दोन तोंडं आहेत.

टाका सुटला तर कधी कधी उसवावं लागतं. उसवणे म्हणजे ‘उत्’ आणि ‘सीव्’, शिवलेलं उकलणं. विणलेल्यात शिवण कुठेच नसते, तरी आपण शिवणकामातला शब्द उसना घेतला. नव्या माणसाने उसवायला घाबरू नये. कात्रीने कापलेलं कापड पूर्ववत होत नाही, उसवलेली लोकर मात्र पुन्हा गुंड्यावर जाते आणि धागा जराही वाया जात नाही.

लांबी किती ठेवायची? त्यासाठी टेप नको. दोन्ही हात पसरले की एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर म्हणजे एक वाव. संस्कृतातल्या ‘व्याम’ची ही मराठी लेक, दोर आणि पाण्याची खोली मोजणारी. ज्याच्यासाठी विणायचं त्याच्या वावेइतका गळपट्टा त्याला अंगाबरोबर बसतो.

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असं आपली वडीलधारी माणसं सांगत आली. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडादेवाची यात्रा त्याच दिवशी भरते. त्याआधी गळपट्टा वापरायचा तर नाटकांचे मंडप उभे राहतील तेव्हाच टाके घाला. दिवसाला चार बोटं विणलंत तरी पौषाच्या आधी वावभर पट्टा तयार होईल. तो कोणाच्या तरी गळ्यात घालताना ‘मी गळपट्टा विणला’ असं म्हणा. झाडीतले असाल तर ‘इनला’ म्हणा. तोही शुद्धच शब्द आहे.