पिशवीतले कागद आणि ग्रंथालयाची सूची



ओपीडीत रोज दोन-तीन पिशव्या माझ्या टेबलावर रिकाम्या होतात. त्यात सोनोग्राफी असते, रक्ताचे रिपोर्ट असतात, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि मेडिकलची बिलंही असतात. मागच्या पावसाळ्यात पायाला जखम झालेले एक आजोबा आले. इंजेक्शन देण्याआधी मी नेहमीप्रमाणे विचारलं, "कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे का?"

"नाही जी डॉक्टरसाहेब, काहीच नाही."

त्यांची सून मात्र पिशवी चाळत होती. अगदी तळाशी तिला एक जुनं, घडी पडलेलं डिस्चार्ज कार्ड सापडलं. पेनिसिलिन दिल्यावर अंगावर गांधी उठल्या आणि धाप लागली, असं त्यावर लिहिलं होतं. मी औषध बदललं. कार्ड इतकी वर्षं घरातच होतं, पण त्या दिवशी ते सापडलं ते निव्वळ नशिबानं.

माहिती जवळ असणं आणि ती वेळेवर सापडणं यांत फरक आहे. आजचा लेख त्या फरकाच्या इतिहासाबद्दल, म्हणजे वैद्यकीय ग्रंथालयांबद्दल आहे. विषय कोरडा वाटेल, पण त्याचा संबंध थेट तुमच्या उपचारांशी आहे.

आपल्या कारंज्याचं उदाहरण

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. कारंजा (लाड) इथल्या जुन्या दिगंबर जैन मंदिरांत हस्तलिखित पोथ्यांचे मोठे संग्रह आहेत. पिढ्यान् पिढ्या लोकांनी त्या बासनात बांधून, वाळवी आणि ओल यांपासून जपल्या. पण कोणत्या बासनात काय आहे, हे बाहेरच्या अभ्यासकांना ठाऊक नव्हतं.

१९२६ साली रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली. तिच्यात कारंज्याच्या पोथ्यांचीही नोंद होती. त्यानंतर अमरावतीच्या कॉलेजात शिकवणारे प्रा. हिरालाल जैन (नाव सारखं, माणूस वेगळा) आणि डॉ. प. ल. वैद्य यांच्यासारख्या विद्वानांनी त्यातले अपभ्रंश भाषेतले ग्रंथ संपादित केले. १९३० च्या दशकात ते कारंज्याच्या ग्रंथमालेतून छापले गेले. पोथ्या शेकडो वर्षं तिथेच होत्या. सूची झाल्यावर त्या जगाला मिळाल्या.

या पोथ्या धर्म आणि साहित्याच्या होत्या. वैद्यकाच्या संग्रहाचं उदाहरण हवं असेल, तर मराठी माणसांच्याच मागोमाग दक्षिणेत जावं लागेल.

तंजावरचे सरफोजीराजे

तंजावरला भोसले घराण्याचं राज्य होतं. दुसरे सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले. खरी सत्ता लवकरच इंग्रजांच्या कंपनीकडे गेली, पण राजांनी आपला वेळ आणि पैसा विद्येसाठी वापरला. सरस्वती महाल या ग्रंथालयात त्यांनी संस्कृत, तमिळ आणि मराठी पोथ्यांबरोबर युरोपातून मागवलेली हजारो छापील पुस्तकं ठेवली. त्यांत वैद्यकाची पुस्तकंही होती.

'धन्वंतरी महाल' या त्यांच्या संस्थेत वैद्य औषधांची पारख करत, आणि गुणकारी ठरलेले पाठ लिहून ठेवले जात. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी, हातानं काढलेल्या रंगीत चित्रांसह, आजही तंजावरला जपून ठेवलेल्या आहेत. रुग्णाला काय झालं होतं, काय उपचार केले, फरक पडला का, हे लिहून ठेवणं म्हणजे आजच्या केसपेपरचाच प्रकार.

१८३२ मध्ये राजे वारले आणि १८५५ मध्ये राज्यही संपलं. १८८० साली ए. सी. बर्नेल या इंग्रज अधिकाऱ्यानं केलेली इथल्या संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची प्रसिद्ध झाली, आणि १९१८ मध्ये ग्रंथालय सर्वांसाठी खुलं झालं. म्हणजे संग्रह राजानं केला, तरी तो वापरात यायला पुढच्या माणसांची मेहनत लागली.

ज्याला पुस्तक सापडलं नाही, तो डॉक्टर

त्याच सुमाराला अमेरिकेत एक डॉक्टर याच अडचणीशी झगडत होता. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८६० मध्ये अपस्माराच्या (फिट येण्याच्या आजाराच्या) शस्त्रक्रियेवर प्रबंध लिहिला. पूर्वी अशा किती शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतले किती रुग्ण वाचले, हे शोधायला त्यांना ग्रंथालयं पालथी घालावी लागली. तरीही हवं ते सगळं मिळालं नाही.

पुढे सैन्यातल्या वैद्यकीय ग्रंथालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तेव्हा त्यांनी नुसती पुस्तकं जमवली नाहीत, तर नियतकालिकांतला एकेक लेख विषयवार नोंदवायला घेतला. १८७९ मध्ये 'इंडेक्स मेडिकस' ही मासिक सूची सुरू झाली. १८८० मध्ये, म्हणजे बर्नेलची सूची आली त्याच वर्षी, त्यांच्या ग्रंथालयाच्या मोठ्या सूचीचा पहिला खंड निघाला. १९६४ पासून हे काम संगणकावर होऊ लागलं आणि १९९७ मध्ये 'पबमेड' या नावानं ते इंटरनेटवर सर्वांना मोफत मिळालं. आज वाशिमच्या डॉक्टरालाही मोबाईलवर ते पाहता येतं.

सूची अपुरी असेल तर

मग आता ग्रंथालयाची गरज काय? याचं उत्तर २००१ च्या एका घटनेत आहे.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यावर संशोधन चालू होतं. त्यात निरोगी स्वयंसेवकांना हेक्सामेथोनियम हे औषध श्वासावाटे दिलं गेलं. चोवीस वर्षांच्या एका तरुणीची फुप्फुसं निकामी झाली आणि जूनमध्ये ती दगावली. संशोधकानं आधी पबमेडवर शोध घेतला होता. पण तेव्हा तिथल्या नोंदी साधारण १९६६ पासूनच्या होत्या. या औषधानं फुप्फुसांना इजा होते, असं सांगणारे लेख १९५० च्या दशकातले होते. ते छापील स्वरूपात ग्रंथालयांत होते.

संगणकाच्या यादीत नाही म्हणजे जगातच नाही, असं समजण्याची ही किंमत होती. कुठे शोधायचं, किती मागे जायचं, काय सुटलं असेल, हे सांगणं हे जाणत्या ग्रंथपालाचं काम. १९९२ मध्ये अमेरिकेतल्याच रॉचेस्टर भागातल्या डॉक्टरांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. एखाद्या रुग्णासाठी ग्रंथालयातून माहिती मागवल्यावर तुम्ही उपचारांत काही बदल केला का, असं त्यांना विचारलं होतं. दहापैकी आठ जणांनी होय म्हटलं.

वाशिमला काय हवं?

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यात आपलं वाशिमही होतं. जिल्हा १९९८ मध्ये झाला, त्यानंतर मिळालेली ही मोठी गोष्ट. लोक मला विचारतात, तिथे खाटा किती, एमआरआय आहे का? ग्रंथालयाबद्दल अजून कोणी विचारलेलं नाही. आपण विचारायला हवं.

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं सांगतं, वाचकाचा वेळ वाचवा. दवाखान्यात वाचकाचा वेळ म्हणजे रुग्णाचा वेळ. म्हणून चांगल्या वैद्यकीय ग्रंथालयाची पारख कपाटांच्या संख्येवरून करू नये. ते रात्री उघडं असतं का? प्रशिक्षित ग्रंथपाल आहे का? जुन्या आवृत्त्या बाजूला काढून नव्या येतात का? महागडी नियतकालिकं वाचता येतात का? सरकारी संस्थांना ती एकत्रितपणे मिळण्याची सोय आहे, तिचा वापर होतो का? आणि माझी एक अपेक्षा अशी, की मालेगाव किंवा मानोऱ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरानं फोन करून प्रश्न विचारला, तर तिथून उत्तर मिळावं.

आणि तुमची पिशवी?

तीही एक ग्रंथालयच आहे. ग्रंथपाल तुम्ही. एवढं करा:

- घरातल्या प्रत्येकाची वेगळी फाईल ठेवा. नवा कागद वर, जुना खाली.
- पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: कोणत्या औषधाची अॅलर्जी, कोणते जुने आजार, कोणती ऑपरेशनं आणि कोणत्या वर्षी, सध्या चालू गोळ्या.
- डिस्चार्ज कार्ड कधीही टाकू नका. मोबाईलमध्ये त्याचा फोटोही काढून ठेवा.
- इंटरनेटवर वाचलेली माहिती जरूर दाखवा. मात्र एका लेखावरून स्वतःची गोळी बंद किंवा सुरू करू नका.

त्या आजोबांच्या सुनेनं नंतर फाईल केली. पहिल्या पानावर लाल पेनानं लिहिलं आहे: 'पेनिसिलिन चालत नाही.' आता ते शोधावं लागत नाही.