अंगठ्याची निशाणी आणि कॉलेजातला विद्यार्थी



घरातील जुन्या कागदांची पेटी कधी उघडून पाहिलीत, तर एखाद्या खरेदीखताच्या किंवा कर्जरोख्याच्या पायथ्याशी शाईचा एक काळपट ठसा दिसेल आणि त्याच्या शेजारी कोणीतरी लिहिलेले असेल, ‘निशाणी डावे हाताचा अंगठा’. आपल्याकडे ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द निरक्षर माणसाच्या थट्टेसाठी वापरतात. पण या अंगठ्यामागे मोठा इतिहास आहे. गरिबाची कागदावर होणारी फसवणूक थांबावी म्हणून तो प्रथम कागदावर आला, तेथून पोलिसांच्या कचेरीत गेला आणि शेवटी जगभरच्या न्यायालयांत पोहोचला. या प्रवासातील सर्वांत अवघड टप्पा ओलांडून दिला तो कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या गणिताच्या एका विद्यार्थ्याने. आज कायद्याचे आणि हिशेबाचे शिक्षण घेणारी मुले कचेऱ्यांतून उमेदवारी करतात, तिला इंटर्नशिप म्हणतात. त्या उमेदवारीचे मोल काय, हे समजण्यासाठी ही हकीकत उपयोगी पडेल.

अंगठ्याच्या आधी काय होते? आपल्या मुलखात लिहिता न येणारा माणूस कागदावर आपल्या धंद्याची निशाणी काढी. पाटील-कुणब्याची निशाणी नांगर. गावच्या गोतापुढे, चार पांढरीच्या माणसांसमक्ष कागद होत असे, तोवर ही निशाणी पुरेशी होती, कारण खरी साक्ष माणसांची असे. इंग्रजी अंमलात वाद दिवाणी न्यायालयात जाऊ लागला. तेथे न्यायाधीशापुढे माणसे कमी आणि कागद जास्त. नांगर तर कोणीही काढावा! मग ‘हा नांगर माझा नव्हे’ असे कुळाने म्हणावे, ‘याचाच आहे’ असे सावकाराने म्हणावे, आणि निकाल बहुधा ज्याच्या हाती कागद त्याच्या बाजूने जावा.

याचा परिणाम काय झाला ते पुणे जिल्ह्याने पाहिले. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे या गावी, भर बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ले केले. अमेरिकेतील यादवी युद्धात वर चढलेला कापसाचा भाव ते युद्ध १८६५ मध्ये संपल्यावर कोसळला होता, सरकारने सारा वाढवला होता आणि कर्जाचा फास आवळत चालला होता. दंगल पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरली. लोकांचा मुख्य रोख होता तो कागदांवर. रोखे आणि खतावण्या बाहेर काढावयाच्या आणि जाळावयाच्या, एवढेच पुष्कळ ठिकाणी घडले. पुढे नेमलेल्या चौकशी मंडळापुढे रयतेची गाऱ्हाणी आली ती ध्यानात घेण्यासारखी आहेत. रोख्यात आकडा एक आणि हातात रक्कम दुसरीच, फेड केली तरी पावती नाही, कागदात काय लिहिले आहे ते वाचून दाखवलेले नाही. सगळेच सावकार लबाड होते असे नव्हे. पण लबाडाला आडकाठी घालील अशी काही सोय नव्हती.

ती सोय करण्याचा प्रयत्न म्हणून १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. शेतकऱ्याने करून द्यावयाचा कागद गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावा, मागितल्यास सावकाराने हिशेब आणि पावती द्यावी, अशी त्यातील कलमे होती. गुन्हा झाल्यावर शिक्षा करण्यापेक्षा कागद होतानाच डोळस माणूस शेजारी बसवावा, हा त्यातला विचार होता. आज ज्याला आर्थिक गुन्ह्यांचा प्रतिबंध म्हणतात, त्याचेच हे गावठी रूप म्हणावयास हरकत नाही.

आता थोडे बंगालकडे वळू. तिकडेही हेच दुखणे होते, आणि त्यावरचा एक वेगळाच उपाय तिकडे निघाला. १८५८ साली मुर्शिदाबाद जिल्ह्यातील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाचा पंचवीस वर्षांचा इंग्रज अंमलदार होता. युरेनस ग्रहाचा शोध लावणाऱ्या ज्योतिषी हर्शेलचा हा नातू. रस्त्यासाठी लागणाऱ्या मुरमाचा मक्ता त्याने राज्यधर कोनाई नावाच्या माणसाला दिला. कागद झाल्यावर कोनाईने आपली सही नाकारू नये, म्हणून त्याने एक युक्ती केली. शिक्क्यासाठी ठेवलेली शाई कोनाईच्या उजव्या तळहाताला लावून त्याचा ठसा करारनाम्याच्या पाठीवर उमटवून घेतला. हेतू केवळ धाक बसवण्याचा होता. पण पुढे निरनिराळ्या माणसांचे ठसे जमवून पाहता त्याला दिसून आले की एकाच्या बोटावरील रेषा दुसऱ्याशी जुळत नाहीत आणि वर्षे लोटली तरी त्या बदलत नाहीत.

१८७७ साली हुगळीचा मॅजिस्ट्रेट असताना हर्शेलने हा उपाय कचेरीत चालू केला. पेन्शन घेणारा मेल्यावर त्याच्या नावाने दुसराच कोणी येऊन पैसे उचलत असे, म्हणून पेन्शनरांचे ठसे घेतले. दस्त नोंदवताना करून देणाऱ्याचे ठसे घेतले. तुरुंगात शिक्षा भोगणारा माणूस खरा तोच की पैसे घेऊन आलेला भाडोत्री, हे कळावे म्हणून कैद्यांचेही घेतले. सर्व प्रांतात ही पद्धत सुरू करावी असे त्याने वरिष्ठांना लिहिले, पण ते मान्य झाले नाही. पुढील वर्षी तो हिंदुस्थान सोडून गेला.

येथे एक अडचण सांगितली पाहिजे. समोर माणूस आहे आणि त्याचा जुना ठसाही हाताशी आहे, तर दोन्ही ताडून पाहणे सोपे. परंतु समोर नाव बदलून आलेला चोर आहे आणि कचेरीत दहा हजार कैद्यांचे ठसे पडले आहेत, तर यातला त्याचा कोणता? एकेक काढून पाहावयाचे म्हटले तर आठवडे लागतील. नाव खोटे, म्हणून नावावरून लावण्यात अर्थ नाही. ठशावरूनच ठसा सापडेल अशी मांडणी पाहिजे होती. इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने १८९२ साली बोटांच्या ठशांवर मोठा ग्रंथ लिहिला, तरीही कचेरीत चालेल अशी सुटसुटीत मांडणी त्याला साधली नव्हती.

बंगालचे पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री यांनी हा प्रश्न हाती घेतला. हे काम नुसत्या शिपाईगिरीने होणारे नाही, याला गणिती डोके पाहिजे, हे त्यांनी ओळखले. त्यांनी कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्राचार्यांकडे एक हुशार विद्यार्थी मागितला. प्राचार्यांनी नाव सुचवले ते काझी अझीझुल हक यांचे. खुलना जिल्ह्यातील हा तरुण जेमतेम विशीतला होता. पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून त्याला घेतले आणि ठशांचे काम सोपवले. त्याच खात्यातील हेमचंद्र बोस हे त्याचे जोडीदार.

हक यांनी काय केले ते आपल्याला सहज समजेल, कारण बोटावरचे शंख आणि चक्र आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. दहा बोटांच्या पाच जोड्या करा. एका जोडीत चक्राच्या दृष्टीने चारच प्रकार संभवतात. दोन्ही बोटांवर चक्र, पहिल्यावर आहे दुसऱ्यावर नाही, दुसऱ्यावर आहे पहिल्यावर नाही, किंवा दोन्हींवर नाही. एका जोडीचे चार, दोन जोड्यांचे सोळा, असे करीत पाचव्या जोडीपर्यंत गेले की १,०२४ प्रकार होतात. बत्तीस आडवे आणि बत्तीस उभे असे १,०२४ कप्पे करा. प्रत्येक माणसाची पत्रिका तिच्या कप्प्यात टाका. मग दहा हजार पत्रिका न चाळता एकच कप्पा उघडला म्हणजे झाले. एखाद्या कप्प्यात फार गर्दी झाली तर रेषा मोजून त्याचे आणखी पोटभाग पाडता येत. शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित फळ्यावर मांडून पाहावे. मुलांना ते आवडेल आणि गणित कशाला शिकावयाचे या प्रश्नाला एक चांगले उत्तर मिळेल.

मार्च १८९७ मध्ये सरकारने या पद्धतीची परीक्षा घेतली. परीक्षक दोघे होते. एक हिंदुस्थानचे सर्व्हेअर जनरल स्ट्रॅहन आणि दुसरे अलेक्झांडर पेडलर, जे त्या वेळी प्रेसिडेन्सी कॉलेजचेच प्राचार्य होते. म्हणजे ज्या कॉलेजाने विद्यार्थी दिला, त्याच्याच प्रमुखाने त्याच्या कामाची तपासणी केली. पद्धत उतरली आणि त्याच वर्षी कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. १८९९ साली पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ठशांच्या तज्ज्ञाचे मत न्यायालयात ग्राह्य झाले. लंडनच्या स्कॉटलंड यार्डात अशी कचेरी १९०१ साली सुरू झाली, म्हणजे कलकत्त्यानंतर चार वर्षांनी.

या कचेरीकडे आलेला एक आरंभीचा खटला सांगण्यासारखा आहे. जलपायगुडी जिल्ह्यात चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला आणि पेटीतील पैसे गेले. तेथे पडलेल्या एका बंगाली पंचांगावर रक्ताचे दोन पुसट डाग होते. त्यातील एक ठसा कंगाली चरण नावाच्या माणसाच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. पूर्वी त्याला याच मालकाकडे केलेल्या चोरीबद्दल शिक्षा झाली होती, म्हणून त्याची पत्रिका कचेरीत होती. १८९८ साली न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी धरले, परंतु खुनाच्या आरोपातून सोडले, कारण खून करताना त्याला कोणी पाहिले नव्हते. ठसा एवढेच सांगतो की हा माणूस तेथे होता. त्याने काय केले, हे इतर पुराव्यानेच ठरावयास हवे. पुरावा जितके बोलतो तितकेच ऐकावे, हा संयम त्या न्यायालयाने पहिल्याच पिढीत दाखवला.

या सगळ्याचे श्रेय कोणाला मिळाले? १९०० साली हेन्रींचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि जगभर ही पद्धत ‘हेन्री पद्धत’ म्हणूनच ओळखली गेली. पुढे हक यांनी सरकारकडे आपली बाजू मांडली. तेव्हा १९२६ साली हेन्री यांनी लेखी कळवले की ही वर्गवारी पूर्णत्वास नेण्यात आपल्या हाताखालच्या सर्व माणसांत हक यांचा वाटा सर्वांत मोठा होता. सरकारने हक यांना ‘खान बहादूर’ आणि बोस यांना ‘राय बहादूर’ किताब दिले, रोख बक्षीसही दिले. परंतु पद्धतीचे नाव बदलले नाही ते नाहीच. उमेदवाराचे काम आणि साहेबाचे नाव, हा प्रकार आजही कचेऱ्यांतून दिसतो. ज्यांच्या हाताखाली मुले काम करतात त्यांनी ही गोष्ट मनाशी ठेवावी.

आता आपल्या मुलांकडे येऊ. वकिलीच्या शिक्षणात आज उमेदवारी सक्तीची आहे. बार कौन्सिलच्या २००८ सालच्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवडे ती करावी लागते. वकील, न्यायालय, स्वयंसेवी संस्था, स्थानिक स्वराज्य संस्था, कुठेही करता येते. चार्टर्ड अकाउंटंट होणाऱ्याला तर पूर्वीपासूनच हिशेबनिसाच्या हाताखाली वर्षे काढावी लागतात. नियम चांगले आहेत. परंतु पुष्कळ मुले प्रमाणपत्रापुरती जातात, आणि पुष्कळ कचेऱ्या त्यांना चहा आणावयास व छायाप्रती काढावयास लावतात. हक यांची हकीकत सांगते की उमेदवाराला खरा अडलेला प्रश्न द्यावा लागतो, आणि त्याने आपली विद्या त्यावर चालवून पाहावी लागते. मुलाला ग्रामपंचायतीचा वर्षाचा जमाखर्च तपासावयास द्या. सोसायटीच्या कर्जखात्यातील नोंद आणि सभासदाच्या हातातील पावती जुळते का, ते पाहावयास सांगा. असे दोन आठवडे नुसत्या हजेरीच्या वीस आठवड्यांपेक्षा जास्त शिकवतील.

या शिक्षणाची गरज आज कमी झालेली नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार कार्ड आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिले गेले. आता दहाही बोटे सरकारदरबारी नोंदलेली आहेत आणि गावात यंत्रावर बोट टेकवून बँकेतील पैसे काढता येतात. बँक दूर असलेल्या म्हातारीला ही मोठीच सोय आहे. परंतु नोंदणी झालेल्या दस्तांवरील ठसे उतरवून घेऊन त्यांचे रबरी अंगठे बनवावयाचे आणि दुसऱ्याच्या खात्यातून पैसे काढावयाचे, असे गुन्हे काही राज्यांत उघडकीस आले आहेत. ज्या कागदावर फसवणूक टळावी म्हणून अंगठा घेतला, त्याच कागदावरून तो चोरला जावा, हे हर्शेलच्या स्वप्नातही आले नसेल!

यावर उपाय आहे. आधारमधील आपल्या ठशांना कुलूप घालता येते. ते आधारच्या संकेतस्थळावरून किंवा मोबाइलवरून घालावयाचे आणि लागेल तेव्हा उघडावयाचे. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावे. जितका उशीर, तितके पैसे हाती लागणे कठीण. हे ज्यांना सांगण्याची गरज आहे त्यांना बहुधा वाचता येत नाही, आणि ज्यांना वाचता येते ती मुले शहरात कॉलेजात आहेत. सुटीत गावी आलेल्या कायद्याच्या किंवा वाणिज्याच्या विद्यार्थ्याने शाळेच्या पडवीत दोन संध्याकाळी बसून गावातील वृद्धांच्या ठशांना कुलूप घालून द्यावे, त्यांचे पासबुक वाचून दाखवावे. शिक्षकांनी अशा मुलांना बोलावून घ्यावे, नुसती वाट पाहू नये.

१८७५ साली सुप्याच्या बाजारात ज्यांनी रोखे जाळले, त्यांच्या शेजारी कागद वाचून दाखवणारे कोणी विश्वासाचे माणूस असते, तर कदाचित ती वेळ आली नसती. आज तसे माणूस प्रत्येक गावातून कॉलेजात गेलेले आहे. त्याला कामाला लावणे आपल्या हाती आहे.