रोवणी आणि वारी

॥ रामकृष्णहरि ॥

वारीचा इतिहास सांगताना आपण आळंदी-देहूपासून आरंभ करतो, आणि ते योग्यच आहे. तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी इ. स. १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. पुढे १८३२ च्या सुमारास हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखीला आजचे रूप आणि शिस्त दिली. हे वारकऱ्यांच्या मुलाबाळांनाही ठाऊक आहे. परंतु पंढरीपासून साडेसहाशे किलोमीटरांच्या पलीकडे, भंडाऱ्यासारख्या धानाच्या मुलखात राहून ज्यांनी गळ्यात माळ घातली, त्यांना आषाढातल्या पावसात पायी चालण्याचा नेम काय पडला, याचा विचार आपल्याकडे कमी होतो. तो येथे करू.

प्रथम साधा हिशेब पाहावा. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत पोहोचते. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला होतो आणि पालखी परत फिरते. जाऊन-येऊन सव्वा महिन्याच्या आत वारकरी घरी असतो. मृगात बाजरी-मटकी पेरून निघालेल्या माणसाला, पाऊस बरा असेल तर, एवढी फुरसत काढता येते. भंडाऱ्याहून मात्र रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालले तरी पंढरी गाठायला महिना लागतो. रेल्वे नव्हती तेव्हा परतीचा महिनाही पायीच. म्हणजे ज्येष्ठात घर सोडलेला माणूस श्रावणात उंबरठ्यावर येणार.

आणि हेच दोन महिने धानाचे.

ज्यांनी धान लावलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आमच्याकडे मृगाचा पाऊस पडला की शेताच्या एका कोपऱ्यात पऱ्हे टाकतात. वीस-पंचवीस दिवसांत रोप रोवण्याजोगे होते. तोवर पाऊस धरला पाहिजे, बांधीत पाणी साचले पाहिजे, चिखलणी झाली पाहिजे. मग पऱ्हे उपटून, पेंढ्या बांधून, कंबरेत वाकून एकेक रोप चिखलात रोवायचे. यात दिरंगाई चालत नाही. रोप वयाबाहेर गेले की त्याला कांडे धरतात, मग फुटवा कमी येतो आणि वर्षाचे पोट उणे पडते. भंडाऱ्यात वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस होतो, पंढरपूरच्या सोलापूर जिल्ह्यात त्याच्या निम्म्याहूनही कमी. तरीही आमचा शेतकरी आकाशाकडे डोळे लावून असतो, कारण धानाला नुसता पाऊस पुरत नाही, त्या आठवड्यात पाऊस लागतो. म्हणून तर कोहळी मंडळींनी इथे गावोगाव तलाव बांधले, ज्यांना आपण आज मालगुजारी किंवा मामा तलाव म्हणतो.

विदर्भातून आषाढीला पायी कोणी गेलेच नाही असे नाही. रुक्मिणीमातेचे माहेर असलेल्या कौंडण्यपूरची पालखी परंपरेने १५९४ पासूनची मानतात. शेगावहून श्रीगजानन महाराजांची पालखी १९६८ पासून पायी जाते. पण तो पट्टा कापूस-ज्वारीचा. पेरणी करून घरच्यांवर निंदण-डवरण सोपवता येते. धानाच्या मुलखात खरे काम पेरणीनंतरच सुरू होते.

त्यात दोन पंचांगांचा मेळ बसत नाही. शेतकरी चालतो सूर्यनक्षत्रांवर : मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. ती दरवर्षी त्याच सुमारास येतात. वारकरी चालतो तिथीवर, आणि तिथी अधिक मासाप्रमाणे मागेपुढे सरकते. २०२३ साली अधिक मास श्रावणात पुढे होता, म्हणून आषाढी २९ जूनलाच आली. आर्द्रा चालू होते, पऱ्हे अजून कोवळे होते. २०१८ साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळे आषाढी २३ जुलैला गेली, म्हणजे पुष्य नक्षत्रात, ऐन रोवणीत. एकच एकादशी एका वर्षी शेतकऱ्याला मोकळी सापडते, दुसऱ्या वर्षी गुडघाभर चिखलात.

कीर्तन संपल्यावर पाया पडायला आलेली म्हातारी माणसे मला गावोगाव हेच विचारीत : “महाराज, रोवना अन् वारी एकाच टायमावर येते जी. का करावं?” प्रश्न साधा दिसतो, पण विचारणाऱ्याच्या मनात भय असे. नेम मोडला तर माळ घातल्याचा काय उपयोग? आणि बांधी पडीक राहिली तर लेकरांच्या तोंडात काय घालायचे?

याचे उत्तर शोधताना आधी एक जुनी गोष्ट ध्यानात घ्यावी. पावसाळ्यात चालावे की न चालावे, हा वाद वारीहून फार प्राचीन आहे. आपल्याच जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी, पवनीला १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले, तेव्हा इसवी सनापूर्वीचा मोठा बौद्ध स्तूप उघडा झाला. अशा ठिकाणी राहणाऱ्या भिक्षूंना वर्षावासाचा नियम होता. तो का झाला, हे त्यांच्या विनयग्रंथांत सांगितले आहे. पावसाळ्यात भिक्षू हिंडतात, हिरवे अंकुर आणि बारीक जीव पायांखाली तुडवतात, अशी लोकांनी कुरकुर केली. तेव्हा तथागतांनी पावसाळ्यात एका जागी राहण्याची आज्ञा दिली. जैन मुनीही चातुर्मासात स्थिर राहतात, आणि आपल्या संन्याशांचाही तोच शिरस्ता. आषाढ शुद्ध एकादशीला देव शयन करतात आणि चातुर्मास लागतो.

आता मौज पाहा. ज्या दिवशी यती एका जागी बसायला सिद्ध होतो, त्या दिवशी वारकरी भिजलेल्या पायांनी चंद्रभागेत उतरतो. संन्याशाचा प्रवास थांबायच्या आधीचा सगळा पाऊस वारकऱ्याच्या अंगावर. कारण उघड आहे. संन्यासी घर सोडून आलेला, त्याला कोठेही राहता येते. वारकरी संसारी. त्याला घरी परत जायचे आहे, निंदण काढायचे आहे, गाय व्यायची आहे. आणि अंकुर तुडवण्याचे म्हणाल, तर तो अंकुर त्यानेच रोवलेला असतो. पाय कोठे ठेवावा हे त्याला सांगावे लागत नाही. दिंडी धुऱ्यावरून एकामागे एक जाते, बांधीत कोणी उतरत नाही.

म्हणजे आपला संप्रदाय मुळातच शेत सांभाळून चालणाऱ्यांचा आहे. पण ज्याला शेतामुळे चालताच येत नाही त्याचे काय? येथे संतांच्या चरित्रांकडे वळावे लागते.

पंढरीत देव विटेवर का उभा आहे? पुंडलिक मातापित्यांच्या सेवेत होता. देव दारी आले तेव्हा त्याने सेवा सोडली नाही, वीट पुढे सारली आणि थांबायला सांगितले. ज्या देवाच्या भेटीला लाखो लोक पावसात चालत जातात, तो देव स्वतः एका कर्तव्यात गुंतलेल्या माणसासाठी थांबलेला आहे. हे आपण रोज सांगतो, पण रोवणीत अडकलेल्या शेतकऱ्याला सांगायचे विसरतो.

अरणचे सावतामहाराज मळ्यातच राहिले. त्यांनी शके १२१७ मध्ये आषाढ वद्य चतुर्दशीला देह ठेवला. आजही त्या सुमारास पांडुरंगाची पालखी पंढरीहून अरणला जाते. सगळ्या संतांच्या पालख्या देवाकडे येतात, आणि देवाची पालखी माळ्याच्या मळ्याकडे जाते.

आणि आमच्या बाजूला धापेवाडा आहे. नागपूर जिल्ह्यात कळमेश्वर तालुक्यात, तेथल्या चंद्रभागेच्या काठी, अठराव्या शतकातले कोलबास्वामी होऊन गेले. परंपरा सांगते की ते नेमाने पंढरीला जात. वृद्धापकाळी देह चालेनासा झाला तेव्हा विठ्ठलाने स्वप्नात येऊन सांगितले, आता तू येऊ नकोस, मीच येतो. म्हणून गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, आषाढ वद्य प्रतिपदेला, धापेवाड्यात यात्रा भरते. पंढरीचा सोहळा आटोपून देव त्या दिवशी विदर्भात येतो अशी श्रद्धा आहे. भंडाऱ्याहून हे अंतर शंभरेक किलोमीटर, चार-पाच मुक्कामांचे. लाखनी-साकोलीकडच्या माणसाला कारध्याला वैनगंगा आणि मौद्याला कन्हान ओलांडावी लागते. नदी फुगली की पूल बुडत, वाट अडे, आणि पूर उतरेपर्यंत काठावरच हरिपाठ होई. तरी दहा-बारा दिवसांत माणूस जाऊन परत बांधीत उभा राहू शके. कोलबास्वामींची कथा भक्तीची आहेच. पण ती या मुलखाच्या अडचणीचे उत्तरही आहे, असे मला वाटते.

कोणी विचारील, मग ही पळवाट झाली नाही का? प्रत्येकाने शेताचे निमित्त सांगावे आणि घरी बसावे? हा पूर्वपक्ष खरा आहे, त्याला बगल देऊ नये. पुंडलिकाने देवाला थांबवले, पण ते आईबापांचे पाय हातात असताना. कोलबास्वामी थांबले ते पाय थकल्यावर. सावतामहाराजांच्या हातातले खुरपे चालू होते आणि मुखात नाम होते. ज्याचा हात रिकामा आहे त्याला ही उदाहरणे लागू पडत नाहीत. विहित कर्म ईश्वरार्पण करणे हीच पूजा, हे माउलींनी गीतेच्या तिसऱ्या आणि अठराव्या अध्यायांवर निरूपण करताना फार विस्ताराने सांगितले आहे. कर्म विहित असावे आणि ते अर्पण झालेले असावे, अशा दोन्ही अटी आहेत.

आमच्या जुन्या लोकांनी यातून व्यवहाराची वाट काढली होती. घरातला एक जण वारीला जाई आणि बाकीचे रोवणीला राहत. पुढच्या वर्षी दुसऱ्याची पाळी. चार वाऱ्यांपैकी कार्तिकीला धानाची कापणी आडवी येते, पण माघी आणि चैत्री मोकळ्या सापडतात. रेल्वे आल्यावर वरठीच्या स्टेशनावर गाडीत बसून नागपूर, भुसावळ, मनमाड, दौंड आणि कुर्डुवाडी असे फिरून, विसाव्या शतकाच्या आरंभापासून बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीने थेट पंढरीत उतरता येऊ लागले. त्यामुळे वर्षाआड नव्हे तर दरवर्षी जाणारी घरे झाली. परंतु वारीला गेलेल्याच्या वाटणीच्या बांधी कोणी रोवल्या? बहुधा त्याच्या बायकोने, भावजयीने, शेजारच्या बायांनी. दिवसभर पावसात वाकून, पाठीवर पाणी घेत. त्या पंढरीला गेल्या नाहीत म्हणून वारकऱ्यांच्या कोणत्याही यादीत त्यांचे नाव येत नाही. वारीहून आलेल्याच्या पाया पडण्याची आपली रीत आहे, ती सुंदर आहे. पण त्याने घरात शिरण्यापूर्वी बांधीत उतरून आपले धान रोवणाऱ्यांच्या पाया पडावे, असेही मला वाटते. बुक्का आणि तुळशीचा प्रसाद आधी त्यांच्या हातावर पडावा.

आज परिस्थिती निराळी आहे. रोवणीला मजूर मिळत नाहीत, काही ठिकाणी यंत्रे आली. पावसाचाही भरवसा राहिला नाही. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेल्या पुराने उभे धान गेले, ते भंडारेकर विसरलेले नाहीत. दिंडीत पायी चालणारे बहुतेक पांढऱ्या केसांचे, आणि तरुण एका दिवसाची गाडी करून दर्शन घेऊन येतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. मात्र त्यांना एवढे सांगावे की धापेवाड्यापर्यंत तरी एकदा पावसात पायी चालून पाहा. काळी कन्हार माती पायाला चिकटू द्या. दोन्ही बाजूंना वाकलेल्या बाया दिसतील, त्यांना वाट विचारा, जमल्यास एखादी पेंढी हातात उचलून द्या. मग दिंडी आणि बांधी एकाच पावसात कशा भिजतात, ते कळेल.

आणि ज्यांना यंदाही जमणार नाही, त्यांनी भय धरू नये. रोप हातात असेल आणि नाम मुखात असेल, तर देव विटेवरच उभा आहे. थांबण्याची त्याला सवय आहे.

॥ पुंडलिक वरदे हरि विठ्ठल ॥