केंब्रिजहून माझगावला : एका मराठी ज्यू विदुषीचा परतीचा प्रवास

१/
सन १९०५. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत एक मुलगी पहिली आली. नाव रिबेका रूबेन. घरची भाषा मराठी, धर्म यहुदी. काही वर्षांनी ती इंग्लंडला गेली, केंब्रिजमध्ये हिब्रू आणि ज्यू इतिहास शिकली, आणि तिथून परतून मुंबईतील एका शाळेची मुख्याध्यापिका झाली. ज्यू विद्येसाठी परदेशी जाणे ही गोष्ट आज एखाद्या शिष्यवृत्तीच्या जाहिरातीत शोभेल. मग शंभर वर्षांपूर्वी कोकणातून आलेल्या समाजातील मुलीला तिची गरज का भासली? त्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी अलिबागजवळच्या नवगावला जावे लागते. 🧵

२/
बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ग्रंथ, पोथ्या सारे समुद्रात गेले. हे नेमके कधी घडले याविषयी अनेक मते आहेत, पण नंतरचे चित्र स्पष्ट आहे. ही मंडळी कुलाबा जिल्ह्यातील गावोगावी पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली, मराठी बोलू लागली. गावांवरून आडनावे पडली : केहिमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

३/
ग्रंथ नव्हते, पण आचार शिल्लक होता. शनिवारची विश्रांती, मुलाची सुंता, खवले व पर असलेलेच मासे खाणे, आणि ‘शेमा’ ही प्रार्थना. आख्यायिका अशी की, डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू प्रवासी कोकणात आला. हे लोक खरोखर ज्यू आहेत का, हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे मिसळलेले मासे ठेवले. त्यांनी खवल्यांचे मासे निवडून घेतले आणि बाकीचे बाजूला सारले. रहाबीची खात्री पटली. त्याने तीन जणांना धर्मविधी शिकवले आणि त्यांच्याकडे काजीपद आले.

४/
ही आख्यायिका जपून ठेवावी अशी आहे, कारण पुढच्या दोनशे वर्षांचा नमुना तिच्यात दिसतो. बाहेरून कोणी येतो, या समाजाची परीक्षा घेतो, मग त्याला शिकवतो. आचार घरातला, प्रमाणपत्र मात्र परक्याच्या हातात. बेने इस्रायलांच्या शिक्षणाचा इतिहास म्हणजे हे प्रमाणपत्र आपल्या हाती घेण्याच्या धडपडीचा इतिहास होय.

५/
अठराव्या शतकात अनेक कुटुंबे मुंबईला आली आणि कंपनी सरकारच्या पलटणींत भरती झाली. त्यांपैकीच एक सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युअल इझिकेल दिवेकर. त्यांनी १७९६ मध्ये मांडवी भागात समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर, ‘शाआर हाराहामीम’ म्हणजे ‘दयेचे द्वार’, उभे केले. मंदिर झाले, पण तोरा वाचणारे कोठून आणायचे? ते बहुधा कोचीनहून येत. स्वतःचे धर्मपंडित घडवण्याची व्यवस्था समाजाकडे अजून नव्हती.

६/
मग आले मिशनरी. कोचीनचे मायकल सार्गन हे ख्रिस्ती झालेले ज्यू. १८२६ मध्ये मुंबईत येऊन त्यांनी बेने इस्रायल मुलांसाठी शाळा काढल्या. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू भाषेचे व्याकरण चक्क मराठीत प्रसिद्ध केले! जुना करार मराठीत वाचायला मिळू लागला. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. परिणाम मात्र उलटा झाला. मोझेस आणि एलिया यांच्या कथा मराठीत वाचून लोक ख्रिस्ती झाले नाहीत, ते अधिक जाणते ज्यू झाले. धर्मांतरे अगदी मोजकी राहिली.

७/
याच सुमारास मुंबईत बगदादी ज्यू व्यापारी स्थिरावत होते. त्यांना या मराठी ज्यूंबद्दल शंका होती. १८३६ मध्ये बगदाद्यांच्या पुढाऱ्यांनी सरकारकडे अर्ज करून ज्यू दफनभूमीत वेगळा भाग आखून मागितला. मेल्यावरही शेजारी नको! वंश आणि शुद्धी यांचे हे राजकारण महाराष्ट्रातील वाचकाला नव्याने समजावून सांगण्याची गरज नसावी.

८/
या अपमानाला मिळालेले उत्तर विलक्षण आहे. बगदादी मुलांसाठी असलेल्या डेव्हिड ससून बेनिव्होलंट इन्स्टिट्यूशनचे मुख्याध्यापकपद दीर्घकाळ भूषवले ते एका बेने इस्रायल विद्वानाने : जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५). ज्यांच्या ज्यूपणाविषयी शंका घेतली गेली, त्यांच्यातलाच एक जण शंका घेणाऱ्यांच्या मुलांना शिकवत होता. राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठीत आणले आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक म्हणूनही काम केले. ज्या समाजाची आजवर परीक्षा होत आली, त्यातला माणूस आता परीक्षकाच्या खुर्चीत बसला होता.

९/
ही विद्या पंडितांपुरती राहिली नाही. वल्हांडणाच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाली. १८७४ च्या पुणे आवृत्तीतील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत. १८८० मध्ये बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांनी मुंबईत ज्यू कथेवर कीर्तन केले आणि पुढे या समाजात कीर्तनाची परंपराच रुजली. पूर्वरंग, आख्यान, साकी, दिंडी यांचा साज तोच. आख्यानाचे नायक मात्र अब्राहाम, योसेफ, मोशे.

१०/
१८७५ मध्ये हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी समाजासाठी शाळा काढली, तीच ‘इस्रायलाइट स्कूल’. इंग्रजी, मराठी आणि हिब्रू एका छताखाली. याच केहिमकरांनी आपल्या समाजाचा इंग्रजी इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला. तो छापून यायला मात्र १९३७ साल उजाडले, तेही तेल अवीवमध्ये आणि लेखकाच्या मृत्यूनंतर. हस्तलिखित तब्बल चाळीस वर्षे पडून होते. स्वतःचा इतिहास स्वतः लिहिला, तरी तो जगापुढे मांडण्याचे साधन हाती नव्हते.

११/
आता रिबेका रूबेन (१८८९–१९५७) यांच्याकडे परत येऊ. त्या ज्या केंब्रिजमध्ये शिकल्या, तिथे इस्रायल अब्राहम्स हे रब्बी-वाङ्मयाचे अध्यापक होते. त्यांच्या आधी त्या पदावर सॉलोमन शेख्टर होते. शेख्टर यांनी कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधून जीर्ण कागदांचा प्रचंड साठा केंब्रिजला आणला होता, तोच ‘गेनिझा’. त्यात मध्ययुगात भारताच्या पश्चिम किनाऱ्याशी व्यापार करणाऱ्या ज्यू सौदागरांची पत्रेही निघाली. ज्यू विद्येच्या अशा केंद्रात एक मराठी मुलगी पोहोचली होती. समाजात बाहेरून शिक्षक येण्याची रीत होती. रिबेकाबाई स्वतः विद्येच्या दारी गेल्या.

१२/
आणि परतल्या. १९२२ मध्ये इस्रायलाइट स्कूलची सूत्रे त्यांनी हाती घेतली, ती १९५० पर्यंत. याच काळात शाळेला सर एली कदूरी यांचे नाव मिळाले आणि ती माझगावला नांदू लागली. त्याआधी १९१७ ते १९२० या काळात त्यांनी समाजाचे वार्षिक संपादित केले होते. परदेशी विद्येचे त्यांनी काय केले, याचे उत्तर या २८ वर्षांत आहे. तिचे मोल पदवीच्या कागदापेक्षा माझगावच्या वर्गात बसलेल्या मुलांत मोजावे लागते.

१३/
डॉ. जेरुशा झिराड (१८९०–१९८३) यांची वाट याच पिढीतली. शिष्यवृत्तीवर लंडनला जाऊन त्या स्त्रीरोगतज्ज्ञ झाल्या, परतल्यावर कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या, आणि १९६६ मध्ये पद्मश्रीने गौरवल्या गेल्या. १९२५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ज्युइश रिलिजस युनियन या उदारमतवादी संस्थेमागेही त्यांची प्रेरणा होती. इंग्लंडमधील धर्मसुधारणेचा विचार त्यांनी मुंबईत आणला.

१४/
एवढे करूनही परीक्षा संपली नव्हती. १९४८ नंतर हजारो बेने इस्रायल इस्रायलला गेले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने आदेश काढला : या समाजातील व्यक्तीचे इतर ज्यूंशी लग्न लावण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची, विशेषतः आईकडच्या पिढ्यांची, चौकशी करावी. ज्यांच्या आजोबांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, त्यांना लग्नासाठी आजीची वंशावळ दाखवायची होती! मोर्चे निघाले, जेरुसलेममध्ये आंदोलन पेटले. अखेर १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने आणि सरकारने बेने इस्रायल हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचे ठामपणे सांगितले आणि तो आदेश बदलावा लागला.

१५/
इथे एक भेद ध्यानात घ्यावा. विद्या शिकता येते, मान्यता मात्र कोणीतरी द्यावी लागते. राजपूरकर, केहिमकर, रूबेन यांनी पहिली गोष्ट मिळवली. दुसरीसाठी त्यांच्या नातवंडांना रस्त्यावर उतरावे लागले. पण उतरताना त्यांच्याकडे छापील प्रार्थनाग्रंथ होते, लिहिलेला इतिहास होता, शाळा होती. रहाबीपुढे मासे निवडणाऱ्या बायकांकडे फक्त आचार होता. मधल्या शतकाची कमाई ती हीच.

१६/
१९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६,००० ज्यू होते. २०११ मध्ये ४,६५०, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. मांडवी, उमरखाडी, माझगाव इथली वस्ती विरळ होत गेली. आज समाजाचे मोठे केंद्र ठाणे आहे. तिथले ‘शाआर हाशमायीम’ १८७९ चे, मुलुंडहून लोकलने पुढचेच स्टेशन. कुर्ल्यातही त्यांचे प्रार्थनास्थळ आहे. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. कदूरी शाळा अजून चालू आहे. तिथले बहुसंख्य विद्यार्थी आता ज्यू नाहीत.

१७/
आज ज्यू विद्येचे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम जेरुसलेमपासून स्टॉकहोमपर्यंत चालतात आणि त्यांतल्या अनेकांत ज्यू नसलेलेही शिकतात. उद्या घाटकोपरचा किंवा बोरिवलीचा एखादा विद्यार्थी, कोणत्याही धर्माचा, असा अभ्यास पुरा करून पदवी घेईल, तेव्हा त्याच्यापुढे एक काम तयार असेल. मराठीतल्या हग्गादा, कीर्तनाची आख्याने, राजपूरकरांची भाषांतरे हे सारे वाचायला हिब्रूही यावी लागते आणि मराठीही. या दोन्ही भाषा एकत्र येणारी माणसे जगात फार थोडी उरली आहेत. रिबेका रूबेन त्यांपैकी एक होत्या, आणि त्या परत आल्या होत्या.

(समाप्त)