मिरी आपली, चक्की कुणाची?



आपल्या या मालिकेत एरवी मी तोफा, किल्ले आणि लढाया यांबद्दल बोलतो. आज माझ्यासमोर टेबलावर एक लाकडी वस्तू ठेवली आहे. वीतभर उंच, मध्ये बारीक कंबर, वर गोल डोकं. बुद्धिबळातलं मोठं प्यादं वाटावं अशी. ही मिरी दळायची चक्की. इंग्रजीत तिला पेपर मिल म्हणतात, पण मराठी माणसाला पेपर मिल म्हटलं की कागदाचा कारखाना आठवतो. म्हणून आपण चक्कीच म्हणू.

ही वस्तू मी पहिल्यांदा पाहिली ती ऑफिसर्स मेसमध्ये, सेकंड लेफ्टनंट असताना. सूप समोर आलं, शेजारी ही ठेवलेली. मी ती मिठाच्या बाटलीसारखी उलटी करून हलवली. काहीच पडेना. मागे उभा असलेला मेस हवालदार हळूच म्हणाला, "साब, सिर घुमाइए." डोकं फिरवलं, कर्रकर्र आवाज झाला आणि सुपावर ताजी पूड पडली. तो हवालदार वायनाडचा. नंतर त्यानं सांगितलं की त्याच्या घरामागे फणसाच्या झाडावर मिरीचा वेल चढवलेला आहे. पण त्याच्या घरी ही चक्की नव्हती, पाटा-वरवंटा होता. मिरी त्याच्या परसातली आणि चक्की साहेबांच्या मेसमधली. हे कोडं माझ्या डोक्यात बसलं ते तेव्हापासून.

आता थोडं मागे जाऊ. मिरीचा वेल मूळचा मलबारचा, पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातला. इजिप्तचा राजा दुसरा रामसेस इसवी सनापूर्वी 1213 मध्ये वारला, तेव्हा त्याच्या ममीच्या नाकपुड्यांत मिरीचे दाणे भरले होते. पुढे रोमन जहाजं मान्सूनच्या वाऱ्यावर मुझिरिस बंदरात, म्हणजे आजच्या कोडुंगल्लूरच्या परिसरात येऊ लागली. भारताच्या व्यापारापायी दरवर्षी 5 कोटी सेस्टर्स बाहेर जातात, अशी तक्रार पहिल्या शतकात प्लिनीनं लिहून ठेवली आहे. इसवी सन 408 मध्ये गॉथ राजा अलारिकनं रोमला वेढा घातला. वेढा उठवण्यासाठी त्यानं जी खंडणी मागितली, तिच्यात सोन्याचांदीबरोबर 3000 पौंड मिरी होती. फौजी माणूस म्हणून मला ही यादी फार बोलकी वाटते. शत्रू खंडणीत काय मागतो, त्यावरून कशाला किती किंमत होती ते कळतं.

एवढी महाग वस्तू टेबलावर येणार ती थाटातच. 1992 मध्ये इंग्लंडमधल्या हॉक्सन गावी एका शेतात हरवलेला हातोडा शोधताना रोमन काळातला खजिना सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात चांदीच्या चार मिरपूडदाण्या आहेत. एक तर रुबाबदार रोमन बाईच्या अर्धपुतळ्याच्या आकाराची. तिच्या तळाशी फिरती चकती आहे. एका जागी फिरवली की बंद, दुसऱ्या जागी पूड भरायला उघडी, तिसऱ्या जागी शिंपडायला बारीक भोकं. म्हणजे टेबलावर मिरी घेण्यासाठी फिरवायची कळ सोळाशे वर्षांपूर्वीच आली होती. मात्र दळणं आधी स्वयंपाकघरात, खलबत्त्यात व्हायचं.

इथेच खरी अडचण होती. मिरीचा तिखटपणा पायपरीन नावाच्या द्रव्यामुळे असतो. ते 1819 मध्ये ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञानं वेगळं काढलं. तो तिखटपणा बऱ्यापैकी टिकतो. पण मिरीचा वास तिच्यातल्या तेलांचा असतो आणि दाणा फोडला की तो उडायला लागतो. दुसरी गोष्ट भेसळीची. पुडीत काय मिसळलंय ते दिसत नाही. आपल्याकडे तर आख्ख्या मिरीतही पपईच्या बिया मिसळतात, मग पुडीची गोष्टच नको. तेव्हा वास हवा असेल आणि खात्रीही, तर दाणा ताटाजवळच दळला पाहिजे.

हे काम फ्रान्समध्ये एका लोखंडकाम करणाऱ्या घराण्यानं मनावर घेतलं. प्यूजो हे नाव आपण मोटारींमुळे ओळखतो. या घराण्यानं 1810 मध्ये आपली पिठाची चक्की बदलून तिथं पोलादाचं काम सुरू केलं. करवतीची पाती बनवली, 1840 मध्ये कॉफी दळायची चक्की काढली आणि 1874 मध्ये मिरीची. त्यांचं पहिलं मोटारवाहन आलं 1889 मध्ये. मिरीची चक्की त्याच्या 15 वर्षं आधीची आहे!

चक्की उघडली की सगळं समजतं. आपलं जातंच आहे, उभं केलेलं. मध्ये एक दांडा, तळाशी पोलादाची जोडी. बाहेरचं दातेरी कडं स्थिर, आतला दातेरी शंकू फिरता. वरचे मोठे दाते दाणा धरून खाली ओढतात आणि फोडतात, खालचे बारीक दाते त्याची पूड करतात. डोक्यावरचा लहान नट आवळला की पूड बारीक पडते, सैल केला की भरड.

लाकडाचं काम कातारी माणसाचं. लाकूड नीट वाळलेलं हवं, नाहीतर चक्की पुढे तडकते. लेथवर बाहेरून आकार द्यायचा आणि आतून सरळ आरपार भोक पाडायचं. भोक केसभर तिरकं गेलं तरी दांडा अडकतो. चांगला कारागीर डोकं आणि धड एकाच ठोकळ्यातून काढतो, म्हणजे दोन्हींच्या रेषा जुळतात. अशी चक्की पाण्यानं धुवायची नाही, फक्त पुसायची. आणि साध्या पोलादाच्या दात्यांत मीठ कधी घालायचं नाही, दाते गंजतात.

आता माझ्या मूळ कोड्याकडे येतो. मिरी पिकवणारा आपण, पण तिचे पैसे कुणी केले? 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला आला तो याच मसाल्यांसाठी. पोर्तुगीजांनंतर डच आले. मिरी कुणाला आणि कितीला विकायची, हे वेल लावणारा ठरवत नव्हता. ज्याच्याकडे जहाज, तोफ आणि गोदाम, तो ठरवत होता.

याला एक मोठा अपवाद आहे. त्रावणकोरच्या मार्तंड वर्मा राजानं 10 ऑगस्ट 1741 रोजी कोलाचेलला डच ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा पराभव केला. कैद झालेला डच सेवेतला अधिकारी डी लॅनॉय पुढे त्याच राजाच्या नोकरीत राहिला आणि त्यानं त्रावणकोरची फौज नव्या पद्धतीनं घडवली. उदयगिरी किल्ल्यात त्याची कबर आहे. मद्रास रेजिमेंटची नववी बटालियन आपलं मूळ त्रावणकोरच्या फौजेत सांगते. पण मला लढाईइतकंच महत्त्वाचं वाटतं ते राजाचं दुसरं पाऊल. त्यानं मिरीचा व्यापार राज्याच्या हातात घेतला आणि त्या पैशावर फौज आणि किल्ले उभे केले. युद्ध जिंकणं आणि पुरवठ्याची साखळी हातात ठेवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्तंड वर्म्याला दोन्ही कळत होत्या.

आणि आपलं काय झालं? पोर्तुगीजांनी अमेरिकेतून लाल तिखट शेंग आणली. आपण मिरीवरूनच तिला मिरची म्हणालो आणि स्वयंपाकघरात मिरीची जागा तिला देऊन टाकली. मिरीच्या उत्पादनात आज जगात पहिला नंबर व्हिएतनामचा आहे. तेलिचेरी हे नाव जगभरच्या दुकानांत टपोऱ्या, उंची मिरीसाठी चालतं. पण ते केरळातल्या थलश्शेरी गावाचं नाव आहे, हे घेणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

माझ्यासमोरची ही चक्की मी सहारनपूरला घेतली. शिसवी लाकडाची, हातानं कातलेली. तिथले कारागीर लाकूडकामात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहेत. रेषा जुळल्या आहेत, भोक सरळ आहे, नाव ठेवायला जागा नाही. मी दुकानदाराला विचारलं, आतले दाते कुठले? तो म्हणाला, बाहेरून मागवतो. म्हणजे लाकूड आपलं, हात आपले, आत घालायची मिरी वायनाडची. बाहेरून आलं ते बोटभर पोलाद, आणि दळतं तेच. आपण तोफा ओततो, रॉकेटं सोडतो. हे बोटभर पोलाद आपल्याला जमणार नाही असं मला अजिबात वाटत नाही. आजवर ते आपलं काम आहे असं आपल्याला वाटलंच नाही, इतकंच.

तेव्हा मंडळी, लाकडी चक्की घ्यायला जाल तेव्हा नक्षी नंतर बघा. आधी ती उघडा आणि दाते कुठले ते विचारा. गिऱ्हाईक विचारायला लागलं की दुकानदार विचारतो, दुकानदारानं विचारलं की कुणीतरी बनवायला बसतो. त्या वायनाडच्या हवालदाराच्या परसातली मिरी पूर्णपणे आपल्या चक्कीत दळलेली मला एकदा खायची आहे.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.