चंदीगडला बदली : मुलांच्या शाळाप्रवेशाचे पर्याय

नोकरीनिमित्त परदेशी जाणाऱ्या कुटुंबापुढे मुलांच्या शाळेचा जो प्रश्न उभा राहतो, तोच प्रश्न महाराष्ट्रातून चंदीगडला बदली होणाऱ्या कुटुंबालाही सोडवावा लागतो. देश तोच असला, तरी भाषा, परीक्षा मंडळ आणि शैक्षणिक वर्ष बदलते. लष्कराच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय असलेले चंडीमंदिर, हवाई दलाचा तळ, केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना, पीजीआय रुग्णालय आणि बँका यांमुळे मराठी कुटुंबांची येथे ये-जा सुरू असते. मुक्काम बहुधा काही वर्षांचाच असल्याने शाळा निवडताना परतीचाही विचार करावा लागतो.

सर्वप्रथम लक्षात घ्यावयाची बाब म्हणजे घराचा पत्ता. चंदीगड १ नोव्हेंबर १९६६ पासून केंद्रशासित प्रदेश आहे. त्याला लागून असलेले मोहाली पंजाबात, तर पंचकुला हरियाणात मोडते. तिन्ही शहरे एकमेकांत मिसळलेली असली, तरी शिक्षणविषयक नियम तीन सरकारांचे आहेत. पंजाबच्या २००८ च्या कायद्यानुसार त्या राज्यातील शाळांत पहिली ते दहावी पंजाबी हा विषय सक्तीचा आहे. २०२१ मध्ये दंडाची रक्कम वाढवून ती कमाल दोन लाख रुपये करण्यात आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्व मंडळांच्या शाळांना हा नियम लागू असल्याचे सरकारने पुन्हा बजावले. भाडे कमी म्हणून मोहालीत घर घेणाऱ्या आणि तेथीलच शाळा निवडणाऱ्या पालकांनी आठवीतल्या मुलाला दोन वर्षांत गुरुमुखी लिपीत परीक्षेपुरते लिहिता येईल काय, याचा विचार आधी करावा. लहान वर्गातील मुलांना ही अडचण सहसा जाणवू नये, कारण गुरुमुखीची वर्णमाला देवनागरीला जवळची आहे. शिवाय संत नामदेवांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात याच लिपीत आहेत. २०१५ मध्ये घुमान येथे साहित्य संमेलन भरले, तेव्हा या नात्याची महाराष्ट्राला नव्याने ओळख झाली होती.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सर्वात सोयीचा पर्याय अर्थातच केंद्रीय विद्यालयाचा आहे. १९६३ मध्ये सुरू झालेली ही योजना मुळातच बदलीच्या नोकऱ्यांसाठी आखण्यात आली. चंदीगडमध्ये सेक्टर ३१ व सेक्टर ४७ सह अनेक ठिकाणी केंद्रीय विद्यालये आहेत. पाल्य आधीपासून केंद्रीय विद्यालयात शिकत असेल आणि पालकाची बदली झाली असेल, तर वर्गातील पटसंख्या न पाहता प्रवेश दिला जातो. नव्याने प्रवेश घेणाऱ्यांसाठी प्राधान्यक्रम असून, पहिल्या गटात मागील सात वर्षांत झालेल्या बदल्यांची संख्या विचारात घेतली जाते. भारत सरकारच्या निमंत्रणावरून येणाऱ्या परदेशी अधिकाऱ्यांची मुलेही याच गटात येतात. पहिलीसाठी वयाची अट सहा वर्षांची आहे. काठमांडू व मॉस्को येथेही केंद्रीय विद्यालये असल्याने, पुढे परदेशी नियुक्तीची शक्यता असलेल्यांना ही साखळी उपयोगी पडते. लष्करी कुटुंबांसाठी चंडीमंदिर येथे आर्मी पब्लिक स्कूल आहे.

चंदीगडच्या शासकीय शाळांकडे महाराष्ट्रातून येणारे पालक सहसा वळत नाहीत. या शाळांचा विचार तरी अवश्य व्हावा. ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यात सुमारे ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब अशा प्रत्येक सेक्टरच्या आतच शाळेची जागा राखण्यात आली. मुलांना वेगवान रस्ता ओलांडावा लागू नये, हा त्यामागील हेतू होता. या शाळा सीबीएसईशी संलग्न आहेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंतच्या मुलास शासकीय वा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क आहे आणि दाखला यावयास उशीर झाला, एवढ्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. खासगी विनाअनुदानित शाळांविरुद्ध मात्र हा हक्क सांगता येत नाही. सेंट जॉन्स किंवा कार्मेल कॉन्व्हेंटसारख्या जुन्या शाळांत प्रवेश मुख्यतः सर्वात खालच्या वर्गात होतात व त्यांचे अर्ज आदल्या डिसेंबरातच निघतात. त्यामुळे वरच्या वर्गांत रिकाम्या जागेवरच अवलंबून राहावे लागते. वारंवार बदल्या होणाऱ्यांपैकी काही जण निवासी शाळा पसंत करतात. कसौलीजवळील सनावरची लॉरेन्स स्कूल १८४७ पासून चालू आहे. तिचा खर्च मात्र सर्वांना परवडणारा नाही.

शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि जूनमध्ये सुटी असते. महाराष्ट्राच्या राज्य मंडळाच्या हिशेबाने जूनमध्ये पोहोचणाऱ्या मुलाचे दोन महिने आधीच बुडालेले असतात.

खरी कसोटी नववी ते बारावीत लागते. दहावी व बारावीत थेट प्रवेशास सीबीएसई एरवी परवानगी देत नाही. पालकांची बदली हा मान्य अपवाद आहे व त्यासाठी बदलीच्या आदेशाची प्रत जोडावी लागते. अकरावीत येणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. चंदीगड प्रशासनाने २०२३ मध्ये शासकीय शाळांतील अकरावीच्या ८५ टक्के जागा शहरातीलच शासकीय शाळांतून दहावी झालेल्यांसाठी राखून ठेवल्या. बाहेरून येणाऱ्यांना उरलेल्या जागांसाठी चुरस करावी लागते.

याहून गंभीर बाब परतीच्या वाटेवर आहे. महाराष्ट्रातील वैद्यकीय अभ्यासक्रमांच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी व बारावी राज्यातूनच उत्तीर्ण असण्याची अट आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना त्यातून काही सवलत आहे, परंतु तिच्याही अटी आहेत. वडिलांच्या सीमा सुरक्षा दलातील नोकरीमुळे राज्याबाहेर शिकलेल्या एका मराठी विद्यार्थ्याचा एमबीबीएस प्रवेश या कारणावरून रद्द झाला होता. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला दिलासा देत पुढील सत्रात प्रवेश आणि एक लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. न्याय मिळाला, पण तोवर वर्ष गेले. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या पाल्याच्या पालकांनी त्या वर्षाची प्रवेश माहितीपुस्तिका बदली स्वीकारण्यापूर्वीच वाचावी. वडिलांनी एकटे चंदीगडला राहणे आणि मुलाने दोन-तीन वर्षे आजोळी शिकणे, हा मार्ग अनेकांना अप्रिय वाटेल, तरी काही प्रसंगी तोच सुरक्षित ठरतो.

लहान मुलांच्या बाबतीत परतीचा प्रश्न मराठीचा असतो. २०२० च्या कायद्यान्वये महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. पहिलीत चंदीगडला गेलेले मूल सहावीत परतते, तेव्हा ते मराठी बोलते, पण लिहिताना हिंदीच्या वळणावर जाते. केंद्रीय विद्यालयात किमान १५ विद्यार्थ्यांनी मागणी केल्यास मातृभाषा शिकवण्यासाठी अर्धवेळ शिक्षकाची तरतूद आहे. एका शाळेत एवढी मराठी मुले जमणे कठीण असले, तरी मुख्याध्यापकांकडे विचारणा करावयास हरकत नाही. अन्यथा बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. घरी रोज अर्धा तास शुद्धलेखन घेणे पालकांच्या हाती आहे.

परदेशातून चंदीगडला येणाऱ्या कुटुंबांसाठी परिसरात आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत. परदेशी मंडळाची बारावी समकक्ष असल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

निघण्यापूर्वी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्यावी. राज्य मंडळातून सीबीएसईकडे जाताना ती सामान्यतः मागितली जाते आणि एकदा गाव सोडल्यावर ती मिळवण्यासाठी रजा घेऊन परत यावे लागते. जन्मदाखला, मागील दोन वर्षांच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्रही सोबत ठेवावे. विशेषतः अधिवास प्रमाणपत्र बदलीपूर्वीच काढलेले बरे.