मॅक की विंडोज?

मॅक चांगला की विंडोज, हा वाद आता चाळीस वर्षांचा झाला. आयबीएमचा पीसी १९८१ साली आला. त्यावर डॉस चालायचं, आज्ञा टाइप कराव्या लागत. १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश आला. तिथे चित्रावर माऊसने टिचकी मारली की काम व्हायचं. लगेच दोन तट पडले. उंबेर्तो एको या इटालियन लेखकाने १९९४ साली गमतीने लिहिलं, मॅकवाले कॅथलिक, डॉसवाले प्रोटेस्टंट!

आणि गंमत बघा, मायक्रोसॉफ्टचं एक्सेल आधी मॅकवरच आलं, १९८५ मध्ये.

ऑगस्ट १९९७ मध्ये ॲपल पार डबघाईला आली होती. बॉस्टनच्या मेळाव्यात स्टीव्ह जॉब्सनी सांगितलं, मायक्रोसॉफ्ट १५ कोटी डॉलर गुंतवते आहे. पडद्यावर बिल गेट्स दिसताच लोकांनी हुर्यो उडवली. ॲपलने जिंकायला मायक्रोसॉफ्ट हरलीच पाहिजे हा विचार सोडा, असं जॉब्सना समजवावं लागलं.

मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. मालकांनी हात मिळवले, वैर राहिलं ते गिऱ्हाइकांच्या मनात. ‘माझं तेच खरं’ म्हणायला माणसाला साधं यंत्रही पुरतं.